जुन्या संगणकावरील खेळांतील ध्वनिदोष व त्यांचे निवारण : एक ऐतिहासिक विवेचन

संगणकावरील खेळांचा इतिहास लिहिताना अभ्यासकांचे लक्ष स्वाभाविकपणेच चित्राकडे जाते. चित्र छापता येते, त्याची प्रतिकृती ग्रंथात देता येते. ध्वनीची गोष्ट तशी नाही. त्यातही जो ध्वनी उमटलाच नाही त्याचा इतिहास काय म्हणून लिहावा, असा प्रश्न कोणास पडला तर नवल नाही. परंतु १९८१ ते १९९५ या कालखंडातील आय. बी. एम. पद्धतीच्या वैयक्तिक संगणकापुरते बोलावयाचे तर, न उमटलेला, अडखळलेला अथवा भलत्याच रूपात उमटलेला ध्वनी हा खेळणाऱ्यांचा नित्याचा अनुभव होता, आणि तो दोष दूर करण्यासाठी सामान्य गृहस्थांनी जे ज्ञान खटपटीने मिळविले ते त्या काळच्या यंत्ररचनेविषयीचे एक अस्सल साधन आहे. प्रस्तुत लेखात या दोषांची कारणपरंपरा पाहावयाची आहे. माझे प्रतिपाद्य थोडक्यात असे की, हे दोष बहुधा यंत्र बिघडल्यामुळे उद्भवत नसत. यंत्राचे सर्व भाग धड असत. त्यांच्यात वाटणी करून देणारी सत्ता मात्र यंत्रात कोठेच नव्हती.

ऑगस्ट १९८१ मध्ये आय. बी. एम. चा पहिला वैयक्तिक संगणक बाजारात आला तेव्हा त्यात ध्वनीसाठी एक लहानसा स्पीकर होता. सेकंदाला ११,९३,१८२ स्पंदांवर चालणाऱ्या कालमापक चिपची तिसरी वाहिनी या स्पीकरला जोडलेली असे. तीतून एका वेळी एकच चौकोनी तरंग निघू शके. हिशेबाच्या कामात चूक झाली असता टोकणारी शिट्टी, एवढेच तिचे प्रयोजन योजिलेले होते. कार्यालयीन यंत्रास याहून अधिक कशाची गरज आहे असे रचनाकारांस वाटले नाही, आणि त्यांच्या दृष्टीने ते चूकही नव्हते. मात्र या निर्णयाचा एक परिणाम दूरगामी ठरला. यंत्राच्या मूळ प्रोग्रामात चित्र, कळफलक, तबकडी, प्रिंटर यांच्यासाठी ठरावीक आज्ञा होत्या. त्या शिट्टीपलीकडे ध्वनीसाठी एकही नव्हती. पुढे डॉस या कार्यप्रणालीनेही ती उणीव भरून काढली नाही. परिणामी ज्याला ध्वनी हवा त्याने यंत्राच्या तारांशी स्वतःच बोलणी करावीत, अशी प्रथा पडली.

आय. बी. एम. नेच १९८४ मध्ये विक्रीस आणलेल्या पी. सी. ज्युनियर या घरगुती यंत्रात तीन स्वरांची चिप बसविली होती व सिएरा कंपनीचा ‘किंग्ज क्वेस्ट’ हा खेळ त्याच यंत्रासाठी प्रथम तयार झाला. यंत्र चालले नाही. टँडी कंपनीने तीच ध्वनिरचना आपल्या यंत्रात उचलली, एवढाच त्याचा वारसा. इकडे काही कल्पक प्रोग्रामकारांनी साध्या स्पीकरच्या तरंगाची लांबी अत्यंत वेगाने बदलून त्यातून मनुष्यवाणीसुद्धा काढून दाखविली. अ‍ॅक्सेस सॉफ्टवेअरचा १९८९ चा ‘मीन स्ट्रीट्स’ हे त्याचे उदाहरण. परंतु या करामतीत सारा प्रोसेसर गुंतून पडे, आणि वाणी चालू असताना पडद्यावरील चित्र जणू श्वास रोखून उभे राही.

खरे वळण १९८७ मध्ये आले. कॅनडातील लाव्हाल विद्यापीठात संगीताचे अध्यापन केलेले मार्टिन प्रेव्हेल यांच्या अ‍ॅड लिब या कंपनीने यामाहाची वाय. एम. ३८१२ ही चिप बसविलेले एक कार्ड काढले. या चिपमागील तत्त्व म्हणजे एका तरंगाने दुसऱ्याची वारंवारता हलवून नवे नाद निर्माण करणे. जॉन चाउनिंग यांनी ते स्टॅनफर्ड विद्यापीठात १९६७ मध्ये हेरले होते आणि १९७३ मध्ये त्यावरील त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला होता. एका वेळी नऊ स्वर, ही त्या काळी चैन होती. सिएराने १९८८ च्या ‘किंग्ज क्वेस्ट’च्या चौथ्या भागात या कार्डासाठी, तसेच रोलंड कंपनीच्या एम. टी. ३२ या महागड्या वाद्यासाठी संगीत दिले, आणि साउंड कार्ड ही खेळणाऱ्यांच्या गरजेची वस्तू झाली.

अ‍ॅड लिब कार्डाची मांडणी साधी होती. षोडशमान पद्धतीने ३८८ या पत्त्यावर नोंदवहीचा क्रमांक लिहावा, शेजारच्या ३८९ वर त्यात घालावयाचे मूल्य लिहावे, झाले. मात्र चिप मंद होती. क्रमांक लिहिल्यावर ३.३ मायक्रोसेकंद आणि मूल्य लिहिल्यावर २३ मायक्रोसेकंद थांबल्याखेरीज ती पुढील लेखन स्वीकारीत नसे. हा विलंब कसा साधावा याची कंपनीने सांगितलेली युक्ती अशी, की तोच पत्ता पहिल्या खेपेस सहा वेळा व दुसऱ्या खेपेस पस्तीस वेळा नुसता वाचावा. या ‘थांबण्या’ची पुढे मोठी किंमत द्यावी लागली. तिच्याकडे मी मागाहून वळतो.

सिंगापूरच्या क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीने १९८९ च्या अखेरीस साउंड ब्लास्टर हे कार्ड बाजारात आणले. सिम वाँग हू यांनी १९८१ मध्ये स्थापिलेल्या या कंपनीची आधीची ध्वनिकार्डे फारशी खपली नव्हती. नव्या कार्डात तिने तीन गोष्टी एकत्र केल्या : अ‍ॅड लिबचीच यामाहा चिप, ध्वनिमुद्रित आवाज वाजविण्याची सोय, आणि खेळाची दांडी जोडण्याचे पोर्ट. जुने खेळ चालत, नव्या खेळांत बंदुकीचा खराखुरा आवाज येई, आणि दांडीसाठी निराळे कार्ड घ्यावे लागत नसे. १९९२ मध्ये अ‍ॅड लिबचे दिवाळे वाजले. पण ध्वनिदोषांच्या इतिहासात अधिक महत्त्वाची गोष्ट ही, की मुद्रित आवाज वाजविण्यासाठी नव्या कार्डास यंत्राकडून एक पत्ता एवढेच पुरेसे होईना. त्याला तीन निरनिराळे हक्क लागू लागले.

पहिला हक्क पत्त्याचा. तो बहुधा २२० असे. दुसरा इंटरप्टचा. प्रोसेसरचे चालू काम थांबवून ‘माझा तुकडा संपला, पुढचा द्या’ असे सांगण्यासाठी कार्डास एक तार लागे. मूळ यंत्रात अशा तारा आठ होत्या आणि १९८४ च्या ए. टी. यंत्रात दुसरी नियंत्रक चिप जोडून पंधरा उपयोगी तारा झाल्या. पण त्यांतील बहुतेक आधीच वाटल्या गेल्या होत्या. ० वर घड्याळ, १ वर कळफलक, ३ व ४ वर अनुक्रमिक पोर्टे, ६ वर लवचीक तबकडी, ७ वर प्रिंटर. शिवाय त्या काळच्या कार्डरचनेत एक तार दोघांना बिनधोकपणे वापरता येत नसे. तिसरा हक्क डी. एम. ए. वाहिनीचा. प्रोसेसरला मध्ये न घेता मेमरीतून कार्डाकडे आवाज परस्पर वाहून नेणारा तो पाट होय. ८ बिटांच्या कार्डास बहुधा १ क्रमांकाची वाहिनी मिळे. २ क्रमांक लवचीक तबकडीचा असल्याने निषिद्ध.

हे तीन आकडे कार्डावरील जंपर या इवल्या टोपणांनी ठरत. खेळाला ते आपोआप कळण्याचा मार्ग नव्हता. ते वापरणाऱ्याने सांगावयाचे, आणि त्यालाच ते ठाऊक नसत. येथून दोषांची मालिका सुरू होते.

या दोषांची लक्षणे बारकाईने पाहिली असता कारण नेमके ओळखता येते; त्या काळच्या जाणत्या मंडळींचे कौशल्य यातच होते. सर्वांत परिचित तक्रार अशी : संगीत उत्तम चालते, पण बंदूक, पाऊल, दार यांपैकी कशाचाच आवाज येत नाही. कार्ड अर्धे बिघडले असा सामान्य माणसाचा तर्क होई आणि तो दुकानाची वाट धरी. वस्तुतः संगीत यामाहा चिपकडून येते, आणि तिला केवळ पत्ता पुरतो; इंटरप्ट व डी. एम. ए. यांची गरज मुद्रित आवाजालाच आहे. तेव्हा संगीत वाजते आणि आवाज मुके राहतात, याचा अर्थ त्या दोन आकड्यांपैकी एक चुकला आहे. आता एखादा आवाज क्षणभर येऊन खुंटत असेल, किंवा ग्रामोफोनची सुई अडकावी तसा तोच तुकडा अखंड घोळत राहत असेल, तर डी. एम. ए. बरोबर आहे आणि इंटरप्ट चुकला आहे : पाटातून पाणी आले, पण ते संपल्याची वर्दी पोचली नाही. मुळीच आवाज नसेल, नुसती खरखर असेल, अथवा यंत्र जागीच थिजत असेल, तर संशय डी. एम. ए. वाहिनीवर धरावा.

पहिल्या साउंड ब्लास्टरवर इंटरप्ट ७ वर लावून येत असे. ही तार प्रिंटरची. डॉस छापताना सहसा इंटरप्ट वापरीत नसल्यामुळे हा सहवास पुष्कळ यंत्रांवर निभावून जाई. काही यंत्रांवर मात्र प्रिंटरचे पोर्ट ही तार स्वतःकडे ओढून धरी आणि खेळ मुका होई. त्यात आणखी एक खोच होती. इंटरप्ट-नियंत्रक चिपला एखादा इशारा येऊन लगेच मावळला, तर ती त्याची नोंद ७ क्रमांकावरच करीत असे. म्हणजे कोणाचाच नसलेला गोंधळ याच दारी येऊन पडे. १९९२ च्या साउंड ब्लास्टर १६ वर क्रिएटिव्हने ५ हा आकडा मूळचा धरला, तो पाहता हे स्थलांतर शहाणपणाचे होते असे म्हणावे लागते.

काही दोष मात्र लहरी वाटत. काल आवाज होता, आज नाही. माउसचा ड्रायव्हर काढला की परत आला. अशा प्रसंगी यंत्रास ‘लागीर’ झाल्याची भावना होणे मनुष्यस्वभावास धरून आहे, पण कारण साधे होते. डी. एम. ए. नियंत्रकास ६४ किलोबाइटची सीमा ओलांडता येत नसे. आवाजाचा साठा त्या सीमेवर आडवा पडला, तर नियंत्रक पुढे जाण्याऐवजी त्याच खंडाच्या आरंभाकडे वळे आणि भलतीच मेमरी आवाज म्हणून वाजवी. ज्या प्रोग्रामकाराने ही दक्षता घेतली नाही त्याचा खेळ, मेमरीत आधी काय काय भरले आहे त्यावर, कधी नीट वाजे व कधी नाही. दोष प्रोग्रामचा, आळ माउसवर.

या गोंधळात सुव्यवस्था आणण्याचा पहिला उपाय यंत्रातून आला नाही, एका ओळीतून आला. यंत्र सुरू होताना वाचल्या जाणाऱ्या ऑटोएक्झेक या फाइलीत ‘सेट ब्लास्टर’ अशी सुरुवात करून पुढे ए२२० आय५ डी१ एच५ पी३३० टी६ असे लिहावयाचे. ए म्हणजे पत्ता, आय इंटरप्ट, डी ८ बिटांची वाहिनी, एच १६ बिटांची, पी बाह्य वाद्याचे पोर्ट, आणि टी म्हणजे कार्डाची जात. साउंड ब्लास्टर १६ साठी ६. मोडी दप्तरांतील संक्षेपांची सवय असलेल्या वाचकास ही ओळ दुर्बोध वाटू नये. तिचे मर्म असे की, ती यंत्राने दिलेली माहिती नव्हे. ते वापरणाऱ्याचे प्रतिज्ञापत्र आहे. जंपर एका जागी आणि ओळीत दुसरा आकडा, अशी स्थिती सहज संभवे, आणि खेळ ओळीवर विश्वास ठेवी. चांगले खेळ स्वतः पडताळा घेत : पत्ता २२६ वर १ लिहावा, किमान ३ मायक्रोसेकंद थांबून ० लिहावा, आणि २२ए वरून षोडशमान एए हे उत्तर आले तर कार्ड तेथे आहे असे समजावे. पण या परीक्षेत पत्ता तेवढा सिद्ध होई.

‘सुसंगत’ या शब्दाने तर अधिकच घोटाळा केला. अनेक कंपन्यांची स्वस्त कार्डे साउंड ब्लास्टरशी सुसंगत म्हणून विकली जात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून जोडलेल्या यंत्रांत हीच बहुधा आढळत. कोणत्या साउंड ब्लास्टरशी, हे पाहणे खेळणाऱ्याकडे राही. ई. एस. एस. च्या चिपा प्रो या १९९१ च्या आवृत्तीशी जुळत, १६ शी नव्हे. तेव्हा खेळाच्या मांडणीत ‘१६’ निवडणारा निराश होई आणि ‘प्रो’ निवडणारा सुखी होई. मौजेची गोष्ट म्हणजे खुद्द क्रिएटिव्हचे १६ हे कार्ड आपल्याच प्रोच्या द्विकर्णी पद्धतीशी सुसंगत नव्हते. प्रोसाठी लिहिलेला आवाज त्यावर एककर्णी वाजे. त्याच्या ४.११ ते ४.१३ या आवृत्त्यांत बाह्य वाद्याचे स्वर लटकून राहण्याचा दोषही होता. खेळात मुद्रित आवाज चालू असताना वाद्याकडे जाणारी एखादी आज्ञा हरवे, आणि सुरू झालेला स्वर बंद करण्याचा निरोपच त्याला मिळत नसे.

आता वेगाचा प्रश्न. अ‍ॅड लिबचा विलंब पत्ता वाचून साधला असेल तर तो बऱ्याच अंशी टिकाऊ ठरे, कारण कार्डाशी होणारा व्यवहार प्रोसेसरच्या वेगाने होत नसे. परंतु पुष्कळ प्रोग्रामकारांनी नुसते रिकामे आवर्तन मोजून वेळ काढला. आपल्या यंत्रावर हजार फेऱ्यांना जितका वेळ लागतो तितकाच तो सदैव लागेल, अशी त्यांची धारणा. चार-पाच वर्षांत प्रोसेसर कित्येक पट वेगवान झाले, हजार फेऱ्या निमिषात सरल्या, आणि चिप तयार होण्यापूर्वीच पुढची आज्ञा तिच्यावर आदळू लागली. सिएराचे अनेक जुने खेळ वेगवान यंत्रावर ध्वनियंत्र सुरू करता येत नाही असा संदेश देऊन बंद पडत, त्याचे कारण हे. कार्ड तेच, खेळ तोच, जंपर जागच्या जागी. फक्त काळ पुढे गेला. ही आपत्ती ध्वनीपुरतीच नव्हती : टर्बो पास्कल या भाषेत लिहिलेले असंख्य प्रोग्राम १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘त्रुटी २००’ दाखवून कोसळू लागले, कारण आरंभी विलंब मोजताना केलेल्या भागाकाराचे उत्तर १६ बिटांत मावेनासे झाले. निवारण म्हणून लोक यंत्राचे ‘टर्बो’ बटण बंद करीत, किंवा प्रोसेसरची जलदस्मृती निष्क्रिय करीत. चांगले यंत्र विकत घेऊन ते मुद्दाम मंद करण्याचा हा प्रकार पुढील पिढ्यांस चमत्कारिक वाटेल.

कंपन्यांनी मग ध्वनीचे काम तयार ग्रंथालयांकडे सोपविले. जॉन माइल्स यांची रचना त्यांपैकी विख्यात. आयडी सॉफ्टवेअरच्या डिसेंबर १९९३ मधील ‘डूम’ने पॉल रॅडेक यांचे डी. एम. एक्स. हे ग्रंथालय घेतले होते. त्याच्या मांडणीत संगीताचे कार्ड आणि आवाजाचे कार्ड निरनिराळे निवडता येई, आणि पत्ता, इंटरप्ट, वाहिनी एकेक करून विचारली जाई. वर सांगितलेला सारा धडा त्या चार-पाच पडद्यांत एकवटला आहे. या व्यवस्थेचा एक परिणाम इतिहासकाराच्या दृष्टीने खेदजनक झाला. डिसेंबर १९९७ मध्ये ‘डूम’चा मूळ प्रोग्राम सर्वांसाठी खुला करण्यात आला, तेव्हा ध्वनीचे ग्रंथालय परकीय मालकीचे असल्याने डॉसची प्रत देता आली नाही, लिनक्ससाठी केलेली प्रत देण्यात आली. म्हणजे लक्षावधी लोकांनी ज्या रूपात तो खेळ ऐकला, नेमक्या त्याच रूपाचा ध्वनिविषयक भाग मूळ साधनातून वगळला गेला. एखाद्या बखरीची प्रत हाती यावी आणि तिचे एक प्रकरणच गहाळ असावे, तसे हे आहे.

विंडोज ९५ ने १९९५ मध्ये वाटणीची सत्ता अखेर कार्यप्रणालीकडे आणली. नव्या खेळांना त्याने सुख लाभले. जुन्यांची मात्र नवी अडचण झाली. नंतरची कार्डे पी. सी. आय. या निराळ्या मार्गावर आली, आणि त्या मार्गावर जुन्या डी. एम. ए. च्या ताराच नव्हत्या. उत्पादकांनी डॉसमध्ये चालणारे छोटे प्रोग्राम देऊन साउंड ब्लास्टरचे सोंग उभे केले; ते काही खेळांना पटे, काहींना नाही. २००१ च्या विंडोज एक्सपीने जुन्या खेळांना यंत्राच्या तारांना थेट हात लावू देण्याचे नाकारले व त्याऐवजी एक अपुरे नकली कार्ड पुढे केले. ६४ बिटांच्या आवृत्तीत तर डॉसचे प्रोग्राम चालविण्याची सोयच उरली नाही.

या टप्प्यावर, २००२ मध्ये, डॉसबॉक्स हा प्रोग्राम अवतरला. पीटर व्हेन्स्ट्रा व श्यूर्ड व्हान डेर बर्ग यांनी निर्मिलेल्या या साधनात प्रोसेसर, यामाहा चिप, साउंड ब्लास्टर, इंटरप्ट-नियंत्रक या सर्वांची प्रोग्रामरूपी प्रतिकृती असते. प्रोसेसरचा वेगसुद्धा आवर्तनांच्या आकड्याने कमीअधिक करता येतो, त्यामुळे विलंबाचा जुना रोग येथे औषधाविना बरा होतो. अनेक जुने खेळ आज विकले जातात ते याच आवरणात.

येथे अभ्यासकासमोर एक खरा प्रश्न उभा राहतो. आपण आज जो निर्दोष ध्वनी ऐकतो तो त्या काळी कोणी ऐकला होता काय? पहिल्या साउंड ब्लास्टरवर मुद्रित आवाजाचा प्रत्येक तुकडा नव्याने सुरू करावा लागे, व दोन तुकड्यांच्या सांध्यात बारीकशी टिचकी ऐकू येई. एम. टी. ३२ साठी रचलेले संगीत बहुसंख्य घरांत नऊ स्वरांच्या चिपवर, नाही तर त्या मूळच्या शिट्टीवर वाजले. यांतील प्रमाण पाठ कोणता? संगीतकाराच्या मनात होता तो, की श्रोत्याच्या कानी पडला तो? पाठचिकित्सेच्या शास्त्रात हा वाद जुना आहे. पण तेथे निदान सर्व प्रती कागदावर असतात. येथे प्रत्येक घरातील जंपरांची मांडणी ही एक स्वतंत्र प्रत होती. माझे मत असे की, संग्रहालयांनी खेळासोबत ऑटोएक्झेक फाइली, मांडणीच्या नोंदी आणि कार्डांबरोबर आलेली माहितीपत्रकेही जतन करावीत. नुसता खेळ ठेवणे म्हणजे उत्तर जपून प्रश्न टाकून देणे होय.

डॉसबॉक्सच्या मूळ मांडणीत साउंड ब्लास्टर १६ गृहीत धरलेले असते : पत्ता २२०, वाहिनी १, उच्च वाहिनी ५. इंटरप्ट मात्र १६ कार्डाच्या नेहमीच्या ५ ऐवजी ७ ठेवलेला आहे, म्हणजे १९८९ च्या पहिल्या कार्डाचा. जो वाचक एखादा जुना खेळ त्यात उघडील आणि ज्याला संगीत ऐकू येऊन आवाज येणार नाहीत, त्याने खेळाच्या मांडणीत प्रथम हा आकडा पाहावा.